लखनौला नेलेल्या करंज्या

लखनौला मी इमामवाडा बघायला गेले नव्हते, चिकनच्या साड्या आणायला तर नाहीच. माझी धाकटी बहीण सुलभा तिथं राहते. तिचा नवरा प्रभाकर तिथल्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेचं काम बघतो. लग्नानंतर ती एकदाही नाताळला घरी आली नव्हती, त्यामुळे त्या वर्षी मी ठरवलं की नाताळच तिच्याकडे न्यायचा. पत्र्याचा मोठा डबा घेतला, त्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि थोडे अनारसे भरले, वरून जुनं पातळ बांधलं आणि निघाले.

हे वाचून कुणी म्हणेल, फराळ तर दिवाळीचा. आम्ही नगरचे ख्रिस्ती. आमच्या गल्लीत डिसेंबर लागला की घराघरांतून तळणीचा वास येतो. केकसुद्धा असतो, पण तो पाहुण्यांसाठी. घरची माणसं करंजीवरच हात मारतात. आणि नाताळात कीर्तन होतं. हो, कीर्तनच. धोतर, उपरणं, चिपळ्या, पेटी, तबला सगळं तेच, फक्त आख्यान येशूच्या जन्माचं. आमचे अप्पा असं कीर्तन करायचे आणि सुलभा मागे टाळ घेऊन ध्रुवपद धरायची. तिचा आवाज इतका मोकळा होता की अप्पा मध्येच थांबून नुसते ऐकत राहायचे. अप्पा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. प्रवासाचं खरं कारण एवढंच.

गाडीत

मनमाडला गाडी पकडली. चोरांच्या भीतीने मंगळसूत्र घरीच ठेवलं होतं, गळ्यात साधी साखळीही नव्हती. दवाखान्यात नर्सची नोकरी करते, त्यामुळे बांगड्यांची सवय नाही, हातात फक्त घड्याळ. ही बारीकसारीक माहिती उगाच देत नाही, पुढे ती माझ्या अंगाशी येणार आहे.

झाशीला समोरच्या बाकावर एक गोऱ्यापान, गुटगुटीत बाई येऊन बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी पुरी-आलूचा डबा उघडला आणि माझ्या हातात न विचारता चार पुऱ्या ठेवल्या. मग विचारलं, "आप लोग कौन हुए?"

"हम महाराष्ट्र से हैं."

"वो तो ठीक है. वैसे कौन?"

त्यांना काय विचारायचंय ते मला कळलं होतं. त्या वर्षांत चर्चवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येत, त्यामुळे हा प्रश्न ऐकला की माणूस आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. मी म्हटलं, "मराठी."

"अच्छा, पूना वाले!" बाईंचं समाधान झालं.

नगरच्या माणसाला पुण्याचं म्हटलेलं सहसा खपत नाही, पण त्या दिवशी खपलं. मी मान डोलावली आणि पुऱ्या खाल्ल्या. आलू फार छान होते, हिंगाची फोडणी दिलेले. आमच्या गल्लीत ख्रिस्ती असायला काही धैर्य लागत नाही, सगळेच तसले. इथं गल्ली मागे राहिली होती आणि मी एकटी होते, हे कानपूर येईपर्यंत मनात खुपत राहिलं.

तेलीबाग

स्टेशनाबाहेर आले तर लखनौ दिसेचना. धुकं इतकं दाट की सायकलरिक्षावाल्याची पाठ सोडून पुढचं सगळं पांढरं. आपल्याकडची थंडी कोरडी, ती अंगाला चावते. ही थंडी ओल्या चादरीसारखी अंगावर पडून राहते. प्रभाकर न्यायला आला होता. रिक्षा बदलून, टेम्पोत कोंबून घेऊन आम्ही रायबरेली रस्त्याने तेलीबागला पोचलो. अर्धवट बांधलेली विटांची घरं, मधेच मोहरीचं शेत, आणि जवळच छावणी, त्यामुळे लष्करातली बरीच मराठी कुटुंबं आसपास भाड्याने राहणारी.

सुलभा दारातच उभी होती. मिठी मारली, रडणं झालं, डबा आत गेला. मग मी तिच्याकडे नीट बघितलं. कपाळावर लाल टिकली होती.

म्हटलं, असू दे. हल्ली पोरी शोभेलाही लावतात. पण तेवढ्यात शेजारच्या देशमुख वहिनी आल्या. साताऱ्याकडच्या, नवरा सुभेदार, आवाज परेडच्या मैदानावर पोचेल असा. मोठ्या मायाळू बाई. डब्याचा वास त्यांच्या घरापर्यंत गेला असावा.

"अगं बया, करंज्या! ह्या दिवसांत? दिवाळी होऊन महिना उलटला की."

सुलभाने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "ताई दिवाळीलाच येणार होती, रजा नाही मिळाली. तेव्हाचं राहिलेलं आता आणलंय."

वहिनींनी एक करंजी तिथंच मोडली, डोळे मिटून खाल्ली आणि म्हणाल्या, "आईच्या हातची आठवली गं." जाताना सुलभाने त्यांना स्टीलचा एक डबा भरून दिला. मी गरम चहाचा कप हातात धरून बसले होते. दोन दिवस उभं राहून तळलेल्या माझ्या नाताळाची एका वाक्यात शिळी दिवाळी झाली होती.

रात्री जेवायला निमोना होता. ताजे मटार वाटून केलेली आमटी, वर आल्याचे तुकडे आणि तूप. आपण मटाराची उसळ करून मोकळे होतो, या लोकांनी त्याचं सोनं केलंय. जेवणाआधी आमच्या घरी मोठ्याने प्रार्थना होते. इथं सुलभाने खिडकी लावली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि "चला" म्हणाली. भाची पिंकी अकरा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. मी तिला विचारलं, "अप्पांची प्रार्थना येते का गं?" ती म्हणाली, "थोड़ी थोड़ी. मम्मी धीरे बोलती हैं ना, सुनाई नहीं देता."

इमामवाडा

पाहुणी आली म्हणजे इमामवाडा दाखवणं तिथल्या लोकांचं कर्तव्यच असावं. सकाळी आधी चौकात गेलो आणि मक्खन मलाई खाल्ली. दुधाचा फेस, थंडीतच मिळतो, वर केशर आणि पिस्ते. तोंडात घातला की नाहीसा होतो आणि आपण खरंच काही खाल्लं का, असा प्रश्न पडतो. मी तीन द्रोण खाऊन खात्री करून घेतली.

इमामवाड्याच्या त्या प्रचंड दालनात, वरच्या सज्जात, गाईडने आम्हाला एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेला. म्हातारा, मफलर गुंडाळलेला, अतिशय अदबशीर माणूस. तिथून त्याने काडेपेटीची काडी ओढली. तो एवढासा आवाज आमच्या कानाशी आला. पिंकी टाळ्या पिटत होती. सुलभा मला हळूच म्हणाली, "बघितलंस? या गावात काही बोलायची सोय नाही."

ती हसली, मीही हसले. मग ती हसायची थांबली. म्हणाली, "इथं आले तेव्हा महिनाभर मराठीत बोलायला कुणी नव्हतं, ताई. प्रभाकर कामावर. भाजीवाल्या भैयाशी बोलायचं म्हटलं तरी मनात वाक्य जुळवावं लागे. मग एक दिवस बाजारात मागून कुणीतरी ओरडलं, काय गं, मराठी का तू? देशमुख वहिनी होत्या. त्यांनी हाताला धरून घरी नेलं, पिठलं-भाकरी वाढली आणि निघताना कुंकू लावलं. तेव्हा मी नको कसं म्हणणार होते?"

"आणि नंतर?"

"नंतर उशीर झाला."

गाईड परत आला होता. त्याने विचारलं, "आवाज़ आई, बहनजी?" सुलभा म्हणाली, "हाँ, सब सुनाई दिया." येताना रिक्षात ती अप्पांचं एक पद गुणगुणत होती, पण तोंडावर शाल घेऊन. त्या शालीतून येणाऱ्या सुराकडे मी कान लावून बसले होते. मला तो पुरा ऐकायचा होता.

गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. देशमुख वहिनींकडे महालक्ष्मीची पूजा, आसपासच्या सगळ्या मराठी बायकांना हळदी-कुंकवाचं आमंत्रण. "ताईंना आणायचंच," असा निरोप. मी म्हटलं, जाऊन येऊ. शेजारधर्म आहे, त्यात काय.

खोली लहान, पण सजवली सुरेख होती. चौरंगावर तांब्या, नारळ, छावणीतल्या आंब्याची पानं. बायका सतरंजीवर ओळीने बसलेल्या. कुणी कोल्हापूरची, कुणी नाशिकची, सगळ्या एकदम बोलत होत्या, मधूनच "अच्छा" आणि "हाँ यार" पेरत. इतक्या दूर आपली भाषा अशी खळखळून वाहताना ऐकली आणि सुलभाची टिकली मला थोडी कळली. माझ्यावर वेळ आली असती तर मीही या खोलीसाठी काय काय केलं असतं कुणास ठाऊक.

वहिनी करंडा घेऊन ओळीने येऊ लागल्या. माझ्यापर्यंत आल्या, बोट कुंकवात बुडवलं आणि थांबल्या. त्यांची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर गेली, तिथून गळ्यावर, तिथून मनगटावर. मग चेहरा एकदम हळवा झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि पुढच्या बाईकडे सरकल्या. जाता जाता सुलभाला कुजबुजल्या, पण त्यांची कुजबूज सगळ्या ओळीला ऐकू गेली: "बोलली नाहीस गं कधी. कधी गेले?"

सुलभाने खाली मान घातली.

अशा रीतीने माझा नवरा तेलीबागेत वारला. त्या वेळी तो नगरला बहुधा जेवून, पाय पसरून पेपर वाचत असावा. माझ्या शेजारच्या नाशिकच्या बाई सुस्कारा सोडून म्हणाल्या, "एकटीनं दिवस काढायचे म्हणजे कठीणच हो."

"माझे यजमान ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

खोलीतलं बोलणं थांबलं. "मग कुंकू?" नाशिकच्या बाईंनी विचारलं.

टिकली प्रवासात पडली, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण मला अप्पा आठवले. कुठल्याही गावाच्या चावडीवर कीर्तनाला उभे राहिले की ते आधी सांगायचे, मी येशूचा माणूस आहे, बसायचं तर हे ऐकून बसा. कुणी उठून जायचं, बरेच बसायचे. 

"आम्ही ख्रिस्ती आहोत," मी म्हटलं. "आमच्यात कुंकू लावत नाहीत."

आम्ही, असं मी म्हटलं होतं. सगळ्यांची नजर सुलभाच्या टिकलीकडे वळली. वहिनींनीच वाट काढली. "म्हणजे तुमचं सासर ख्रिश्चन होय?"

"हो," सुलभा घाईने म्हणाली, "ताईचं सासर ख्रिश्चन आहे."

वहिनींनी दोन्ही कान धरले. "जित्या माणसाला मारलं की हो मी! शंभर वर्षं जगतील बघा." त्यांनी केशरी दूध आणि पेरू माझ्या हातात दिला. "हे चालतं ना?" मी म्हटलं, दूध कुणालाही चालतं. बायका हसल्या, पुन्हा बोलू लागल्या. मला नवरा परत मिळाला होता आणि बहीण गेली होती.

घरी येऊन आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले. अप्पांनी तुला मागे उभं केलं ते काय यासाठी, वगैरे जे मोठ्या बहिणी बोलतात ते सगळं बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू नाताळ झाला की जाशील, ताई. मला इथं राहायचंय. प्रभाकरच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, त्याचं काही अडत नाही. पण मला माणूस म्हणून आहेत त्या वहिनी. त्यांनी दार लावलं तर मी कुणाशी बोलू?"

 पाहुणीचं धाडस स्वस्त असतं, हे मला तेव्हा समजलं. मी निघून जाणार होते, भोगणार ती होती.

हज़रतगंज

नाताळच्या दुपारी आम्ही हज़रतगंजातल्या चर्चला निघालो. लखनौची ही एक गंमत मला माहीत नव्हती. नाताळच्या दिवशी अख्खं गाव तिथं लोटतं. बुरख्यातल्या बायका, पगडीवाले सरदारजी, टोप्या घातलेली पोरं, फुगेवाले, शेंगदाणेवाले. सगळ्यांना गव्हाणीचा देखावा बघायचा असतो आणि एक मेणबत्ती लावायची असते. आमच्या नगरला नाताळ आमच्यापुरता असतो. इथं तो सगळ्यांनी वाटून घेतलेला दिसला आणि मला त्याचा उगाचच हेवा वाटला.

फाटकाशी एक पोलीस काठी उंचावून ओरडत होता, "प्रार्थना वाले इधर! देखने वाले उधर!" दोन रांगा होत्या. देखनेवाल्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेलेली, आमची आखूड, पंधरा-वीस कुटुंबांची. आम्ही उभे राहिलो आणि शेजारच्या रांगेतून तो ओळखीचा आवाज आला.

"सुलभा! अगं ए सुलभा!"

देशमुख वहिनी, सुभेदार आणि दोन्ही मुलं, नटूनथटून. वहिनींच्या हातात मेणबत्त्यांचा पुडा. त्या तोंडभर हसत म्हणाल्या, "बहिणीला सोडायला आलीस होय? त्यांना जाऊ दे आत. तू ये इकडं आमच्यात, मी जागा धरते. ती ख्रिश्चन लोकांची रांग आहे."

सगळी रांग वळून बघत होती. मी सुलभाकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं, कारण हे उत्तर तिचं तिलाच द्यायचं होतं. पिंकीने तिचा पदर धरला होता. प्रभाकरने नुसता घसा खाकरला.

"नाही वहिनी," सुलभा म्हणाली. आधी हळू, मग मोठ्याने. "माझीही रांग हीच आहे. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. त्या करंज्याही दिवाळीच्या नव्हत्या."

वहिनींचा हात मेणबत्त्यांच्या पुड्यावर तसाच राहिला. "मग इतकी वर्षं माझ्या हातचं कुंकू?"

"तुमच्या हातचं होतं म्हणून लावून घेतलं. तुमच्यावाचून इथं माझं कोण होतं?"

 आमची रांग पुढे सरकली, पोलीस ओरडला आणि आम्ही आत गेलो.  बाकावर बसल्यावर सुलभाने कपाळ पुसलं. माझा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी माझ्या बोटांत रुतली.

उपासना हिंदीत होती. गाणी मला येत नव्हती, चाली थोड्या ओळखीच्या. दुसऱ्या गाण्याला सुलभा उभी राहिली आणि गायली. शाल नाही, पदर नाही, खिडकी लावलेली नाही. तोच आवाज. शब्द हिंदी होते, पण माझ्यापुरते अप्पा पुढे उभे होते, थांबून ऐकत होते. मी गायले नाही, मला रडू आवरत नव्हतं. पिंकी मात्र आईकडे वर तोंड करून बघत होती आणि तिच्या ओठांवरून शब्द उचलत होती.

परत

पुढचे दोन दिवस वहिनी आल्या नाहीत. सुलभा दर थोड्या वेळाने दाराकडे बघे आणि काहीतरी कामात हात घाली. शेवटच्या दिवशी मी सामान बांधत होते तेव्हा कडी वाजली. वहिनी होत्या, हातात आमचा स्टीलचा डबा.

"रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला होता," त्या म्हणाल्या. आत तिळाचे लाडू होते.

माझ्या पाया पडल्या. मग सुलभासमोर उभ्या राहिल्या. एरवी अशा वेळी त्या तिला कुंकू लावत असाव्यात. त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला, कपाळाशी थांबला. मग त्यांनी दोन्ही तळवे तिच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. एवढंच करून त्या गेल्या.

मी नगरला आले. नवऱ्याला त्याच्या निधनाची हकीकत सांगितली, तो आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला होता. गल्लीत पुन्हा कीर्तनं, चर्चमधल्या मिसा, प्रार्थना. सगळे मोठ्याने म्हणतात, कुणाला कशाची भीती नाही. तरी मला त्या गर्दीतल्या आखूड रांगेची आठवण येत राहते.

पुढच्या वर्षी डिसेंबरात एसटीडी बूथवरून सुलभाचा फोन आला. नाशिकच्या बाईंनी बोलावणं बंद केलं होतं. देशमुखांची बदली झाली होती, अंबाल्याला. ते सांगताना तिचा आवाज फुटला, मग सावरली.

"जायच्या आधी वहिनी विचारत होत्या, नाताळच्या करंज्या कशा करतात म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, खोबरं तेच, खसखस तीच, मोहनही तेवढंच. फक्त डबा देताना सांगायचं, नाताळच्या आहेत म्हणून."